शमाला मागणी

२ नोव्हेंबर

वाचून झाल्या एकदाच्या चाहत्यांच्या सगळ्या मागण्या! डोळे चुरचुरतायत. एकाला उंटांची शर्यत हवी. एकाला मासेमारी — वाळवंटात! एक जण म्हणतो, आमची नायिका शमा जो मन्सफ, म्हणजे दह्यातलं मटण, शिजवते त्यात दही कुठलं घालते ते दाखवा, कारण ते करक गावचं असल्याशिवाय माझा जीव रमत नाही. लोकांना आपल्या गेममध्ये राजकारण दिसेल, दुष्काळ दिसेल, अशी माझी समजूत. लोकांना दही दिसलं.

आणि बाकी सगळ्यांचं एकच पालुपद — गेमच्या पुरवणीत शमा आणि तिच्या राकानचं लग्न लावा.

हातिम म्हणाला, 'तू लेखिका आहेस, ठरव. पण महिनाअखेर संहिता टेबलावर पाहिजे.' स्टुडिओचा साहेब झाल्यापासून हा माणूस कॅलेंडरसारखा बोलतो.

मी लग्न लावणार नाही. 'विहिरीची वाट' या गेमचा शेवट मी लिहिला तो असा — शमा राकानला सांगते, जा, माझा बाप कधीच हो म्हणणार नाही. तो काफिल्याबरोबर निघून जातो. संपलं. गेल्या वर्षी या शेवटावर माणसं रडली. आता तीच माणसं म्हणतात, रडून झालं, बँड बोलवा.

३ नोव्हेंबर

आज आमच्या भागात पाणी सोडण्याचा दिवस. टाकी भरताना आईने विचारलं, 'तुझं ते विहिरीचं काम संपलं का?' पाटबंधाऱ्याचं काम असल्यासारखं. बाबा जलखात्यातून निवृत्त झाले, त्यांनी तर आजवर एवढंच विचारलंय — त्या विहिरीला पाणी किती फुटांवर लागतं? मी म्हटलं, बाबा, ती चित्रातली विहीर आहे. 'मग उपयोग काय?'

खरं आहे.

४ नोव्हेंबर

चाहत्यांच्या मंडळाचा म्होरक्या नौफल. दातांचा डॉक्टर. रोज संध्याकाळी मेसेज. आज लिहितो, 'ताई, आम्ही तुमच्या नायिकेवर आमच्या घरच्या मुलीसारखं प्रेम करतो. राकान खरा कुणी होता का?'

मी ठोकून दिलं — छे! शुद्ध कल्पना!

या वहीला मात्र थाप मारण्यात अर्थ नाही. होता. तमीम. ऊद हे तंतुवाद्य शिकवायचा, लुवेब्दे मोहल्ल्याच्या उतारावर, एका शिंप्याच्या दुकानाच्या माडीवर. मी त्याच्याकडे शिकायला गेले आणि सूर सोडून बाकी सगळं लागलं. मागणी घालायला येतो म्हणाला. मी म्हटलं, येऊ नकोस, बाबा वाजवणाऱ्याला मुलगी देणार नाहीत, उगाच तुझ्या वडीलधाऱ्यांचा अपमान होईल. तो नाही आला. इर्बिदला असतो आता, दोन मुली आहेत. त्या गोष्टीला उंट आणि विहीर जोडली, झाली गेम! आणि बक्षीस मिळालं तेव्हा मी मंचावर काय म्हणाले? 'ही आपल्या मातीतल्या तमाम स्त्रियांची कहाणी आहे.' तमाम! एकीचीसुद्धा धड नाही.

म्हणून लग्न लावायचं नाही. घडलं नाही ते घडलं म्हणून लिहिलं, तर जे घडलं त्याचं काय करू?

५ नोव्हेंबर

घरात काहीतरी शिजतंय. आईने पडदे धुवायला काढले. नोव्हेंबरात!

६ नोव्हेंबर

कळलं. कुणीतरी बाबांना फोन केला, माझ्या नावावरून हाक मारून — 'अबू नुहा, शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर आम्ही वडीलधाऱ्यांना घेऊन येतो, आपल्या मुलीसंबंधी एक विनंती आहे.' असल्या वाक्याचा आपल्याकडे एकच अर्थ होतो. जाहा येणार! मागणीची मंडळी! घोडनवरीला!

मी विचारलं, कोण आहेत? आई म्हणाली, 'डॉक्टर आहेत. जास्त चौकशा करू नकोस, नजर लागेल.' झर्कावरून आत्या निघालीसुद्धा. काकांनी सूट इस्त्रीला टाकला. छत्तीस वर्षांच्या बाईला कुणी विचारत नाही की तुला काय वाटतं. खोटं कशाला बोलू — मी केसांना मेंदी लावली.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

हे लिहिताना हसू की भिंतीवर डोकं आपटू!

बारा माणसं आली. सूट, टाय, एकाच्या अंगावर बिश्त, तो मानाचा झगा, पुढे काठी टेकत एक म्हातारेबुवा — नौफलचे आजोबा, दरारा यावा म्हणून खास सल्तहून आणलेले. मागे लुजैन — फार्मसी शिकणारी, दहीवाल्या मागणीला पाठिंबा देणारी. नौफलला पाहताच मी कपाळावर हात मारला. पण थोडी गुदगुलीही झाली, हे नोंदवून ठेवते.

आमचे पुरुष एका बाजूला, त्यांचे दुसऱ्या. आईने कॉफी पाठवली. आजोबांनी कप घेतला आणि न पिता समोर ठेवला. बाराही जणांनी ठेवले. मुलगी दिल्याचा शब्द मिळेपर्यंत कॉफीला तोंड लावायचं नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी दाराच्या फटीतून बघत होते. आत्या माझ्या पाठीवर चढली होती.

आजोबा उभे राहिले. अल्लाचं नाव घेतलं, आमच्या घराण्याचं नाव घेतलं, आणि म्हणाले, 'आम्ही आपली कन्या शमा हिचा हात आमचा मुलगा राकान याच्यासाठी मागायला आलो आहोत.'

बाबा म्हणाले, 'माझ्या मुलीचं नाव नुहा आहे.'

आजोबांनी नौफलकडे पाहिलं. 'घर चुकलो का रे?'

'नाही आजोबा.' नौफलच्या टायची गाठ कानाखाली गेली होती. 'काका, शमा नुहाताईंनी लिहिलेली मुलगी आहे. गेममधली. ताईंनी तिला जन्म दिला, ताई तुमच्या, म्हणजे तिचे वडीलधारे तुम्हीच. ताई आमचं ऐकत नाहीत. मग म्हटलं, रीतसर यावं.'

माझ्या काकांनी विचारलं, 'म्हणजे मुलगी अस्तित्वात नाही?'

'आमच्यासाठी आहे,' लुजैन मागून म्हणाली.

आत्या माझ्या पाठीवरून उतरली. आतून आईचा आवाज — 'मी मिठाईवाल्याकडून कनाफे मागवले होते गं!'

मला वाटलं, आता बाबा या सगळ्यांना कॉफीसकट बाहेर काढणार. बाबांनी मिशी पुसली. माझे बाबा! ज्यांनी आयुष्यात नळाच्या दाबाखेरीज कशाची चौकशी केली नाही, ते विचारतात, 'मुलगा काय करतो?'

'मिजविझ वाजवतो,' नौफल म्हणाला. 'जोडपावा. काफिल्यांमध्ये.'

'घर?'

'तंबू.'

'आजोबा, तुम्ही त्याला जामीन राहता?'

'मी त्याला ओळखत नाही,' आजोबा म्हणाले. 'पण ज्याच्यासाठी बारा माणसं सूट घालून येतात, तो अगदीच वाया गेलेला नसणार.'

बाबा म्हणाले, 'मुलाची चौकशी केल्याशिवाय मी मुलगी देत नाही. कुणाचीच. चौकशी करतो, एवढा शब्द देतो. कॉफी घ्या.'

आजोबांनी विचार केला. 'अर्धा शब्द, तर अर्धा कप.' आणि मोजून अर्धा प्याले. बाकीच्यांनीही.

मंडळी गेली. कनाफे सगळे आम्हीच खाल्ले. आई माझ्याशी बोलत नाही. जणू मीच बोलावलं होतं त्यांना! केस मात्र छान लाल झालेत.

८ नोव्हेंबर

हातिम स्टुडिओत खुर्चीवरून पडेपर्यंत हसला. मग डोळे पुसून म्हणाला, 'याची जाहिरात होईल.' नीच.

९ नोव्हेंबर

बाबा म्हणाले, 'तो मुलगा दाखव.' मला वाटलं गंमत करतायत. चष्मा लावून बसले होते! कॉम्प्युटर दिवाणखान्यात आणला, कंट्रोलर हातात दिला. पहिला पाऊण तास शमा भिंतीकडे तोंड करून चालत होती. 'तुझी मुलगी आंधळी आहे का?' मी म्हटलं, बाबा, तिला तुम्ही चालवताय.

११ नोव्हेंबर

बाबांनी तीन गावं पार केली. विहिरींवर फार खूश. 'इथे कप्पी उलटी बसवलीय, पण दगडाचं काम बरं आहे.' राकानबद्दल विचारलं, तर म्हणाले, 'मुलगा कमी बोलतो. वाजवतो नीट.' एवढंच. आईसुद्धा शेजारी भाजी निवडत बसते आणि शमाला सांगते, डावीकडे वळ गं, तिकडे चोर आहेत.

१३ नोव्हेंबर

आज भांडण. बाबा शमाच्या घराच्या दारापाशी अडकले. गावात एकच दार असं आहे जे उघडत नाही — आत शमाचा बाप आहे असं मानायचं. बाबा ठोठावतायत. पुन्हा. पुन्हा. 'बिघडलंय हे.'

'बिघडलं नाही. ते उघडत नाही.'

'आत माणूस आहे ना?'

'आहे, पण त्याला चेहरा नाही. चित्रकाराला वेळ नव्हता.' थाप! मी सांगितलंच नव्हतं चित्रकाराला.

'मग तो नाही म्हणतो हे कुणी ऐकलं?'

'बाबा, ते सगळ्यांना माहीतच आहे!'

'कुणाला?'

मी म्हटलं, 'शमाला.' आणि कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले. कपडे अगोदरच वाळले होते. ते पुन्हा वाळत घातले.

१४ नोव्हेंबर

लुजैनला भीत भीत विचारलं, त्या दाराबद्दल मंडळातलं कुणी काही म्हणतं का? तिने लगेच लिहिलं, 'ताई, आम्ही सगळ्यांनीच ते ठोठावलंय. मासेमारीवाल्यानेसुद्धा. लग्न लग्न करतो खरं, पण आम्हाला आधी आत जायचंय. बंद दार दिसलं की माणूस पुरवणीची वाट बघतो.'

मला कुणी सांगितलं नाही! सांगितलं असेल. मी दह्यावर हसत बसले होते.

१७ नोव्हेंबर

बाबांनी गेम संपवली. शेवटचा प्रसंग — शमा म्हणते, जा, माझा बाप कधीच हो म्हणणार नाही. काफिला निघाला. बाबा पडद्याकडे बघत राहिले. नावं वर सरकत गेली, माझंही गेलं, त्यांनी चष्मा काढला नाही. माझ्या मनात आलं, आता रडतील, कौतुक करतील, शेवटी एकदा! कसली हावरट बाई मी.

त्यांनी उठून नौफलला फोन लावला. 'डॉक्टर, मुलाची चौकशी झाली. मुलगा चांगला आहे. पण लग्नाचा शब्द मी देत नाही. आधी पुरवणीत ते दार उघडू दे. त्या बापाला कुणीतरी विचारू दे. तो काय म्हणेल ते म्हणेल.'

पलीकडून बारा माणसांचा जल्लोष ऐकू आला. म्हणजे सगळी एकत्र जमून वाट बघत होती! दवाखान्यात! दातवाल्या पेशंटचं काय केलं असेल?

मी चिडले. छत्तीस वर्षांची लेखिका, बक्षीसविजेती, आणि पुरवणीचा आराखडा ठरवला कुणी — जलखात्याने! मी म्हटलं, 'बाबा, गोष्ट माझी आहे. तो बाप नाहीच म्हणणार. मला माहीत आहे.'

बाबांनी चष्मा काढला. कॉम्प्युटर नीट बंद कसा करायचा तेवढं विचारलं.

१८ नोव्हेंबर

सकाळी बाबा झआतरच्या मसाल्याची आणि तेलाची बशी माझ्याकडे सरकवत म्हणाले, 'तो मिजविझ नव्हता वाजवत. ऊद वाजवायचा. शिंप्याच्या माडीवर.'

माझा घास तिथेच राहिला.

'त्या वर्षी पाण्याची लाइन टाकायला मी त्या उतारावर महिनाभर होतो. वरून तुझा बेसूर ऐकू यायचा. आणि त्याचं हसणं.' त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. 'मी सूट शिवायला टाकला होता गं. म्हटलं, आता येतील मंडळी.'