खालच्या मजल्यावरचं वाचनालय

ब्रुकलिन,
९ मार्च २०१४

प्रिय मार्वा,

अनेक आशीर्वाद. आईचा गुडघा आता बरा आहे. रविवारी तिने नारळाच्या दुधातला राजमा-भात केला होता. तुझा वाटा काढून ठेवला होता, तो शेवटी मीच खाल्ला. एकाच इमारतीत शिकवत असूनही पत्र लिहितेय, कारण जिन्यात तू दिसलीस की मी बुटांकडे बघत खाली उतरते, हे तुलाही ठाऊक आहे.

वाचनालयाच्या सुनावणीला घातलेला पिवळा कोट तुला शोभत होता. कुठून घेतलास?

जाऊ दे. कोटाचं काही नाही. मी तुझ्यावर जळते, मार्वा. चर्चच्या तळघरात पन्नास-साठ मुलं जमवून तू चार्टर शाळा काढलीस, पैसा शहराचा आणि कारभार तुझा, तेव्हा मी आईला म्हटलं होतं, वर्षभरात गाशा गुंडाळेल. तू उलट आमच्याच सरकारी शाळेचा तिसरा मजला घेतलास, मग चौथा. तुझ्या मुलांनी नगरसभेपुढे उभं राहून कोपऱ्यावर सिग्नल मागून आणला. त्याच कोपऱ्यावर इतकी वर्षं मी हात आडवे धरून मुलं पलीकडे नेली. सिग्नल मागावा हे मला कधी सुचलंच नाही. आता रोज तिथे उभी राहते आणि चरफडते.

आणि एवढ्यावर भागेना म्हणून नववीच्या नव्या वर्गासाठी तुला आमचं वाचनालय हवं झालं.

सुनावणीसाठी माझ्या वर्गातल्या मुलांची भाषणं मीच लिहून दिली होती. बिचारी दर ओळीला माझ्याकडे बघत होती. मग तुझी ती आठवीतली डेलरीन उठली. हातात कागद नाही. मला वाटलं, संपलं, गेलं आपलं वाचनालय.

ती म्हणाली, "आमच्या मोठ्या बाई शिकवतात, मत देण्याआधी बघा, कुणाला विचारायचं राहिलंय. खालच्या मजल्यावरच्या मुलांना कुणी विचारलंच नाही. मी विचारलं. त्यांच्यातल्या कितीतरी जणांच्या घरी अभ्यासाला टेबल नाही. आम्हाला त्यांचं वाचनालय नको."

वाचनालय आमच्याकडे राहिलं. आमच्या शिक्षिका माझ्या गळ्यात पडल्या. मी मात्र तुझ्याकडे बघत होते. म्हटलं, आता तरी हिचा चेहरा पडेल. तू त्या पोरीला जवळ घेऊन रडत होतीस आणि हसतही होतीस. हरलीस तू, आणि सगळं सभागृह बघत होतं तुझ्याकडेच. तेव्हापासून माझ्या जिवाला चैन नाही.

माझ्या वर्गातलं एकही मूल माझ्यासमोर असं उभं राहणार नाही. इतकी वर्षं मी त्याला शिस्त म्हणत आले.

गुरुवारी शेवटच्या तासाला डेलरीनला वाचनालयात पाठव. माझ्या मुलांना 'नाही' म्हणायला शिकवू दे, मलासुद्धा. मी मागच्या बाकावर बसेन. तू येऊ नकोस. तेवढं मला अजून जमायचं नाही.

अजून जळणारी,
तुझीच ताई,
आयोनी