बंद, एवढंच लिहिलंय

बाई, तुमच्या टायपिंगच्या क्लासच्या जागेत आता मोबाइल दुरुस्तीचं दुकान झालंय. सेनगावच्या जीप जिथे भरतात त्याच्या समोरच ती जागा, त्यामुळे मला टाळता येत नाही. बाबांची औषधं आणायला निघाले की त्या दारावरून जावंच लागतं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तिथे कधी क्लास होता हे दुकानदाराला माहीतसुद्धा नाही. मी जीपवाल्याची थोरली, सकाळच्या बॅचला खिडकीजवळच्या मशीनवर बसायची ती. पुढे पुण्याला नोकरी लागली, तिथे बरीच वर्षं राहिले, आणि बाबांच्या उजव्या अंगावरून लकवा गेला तेव्हा दोन महिन्यांसाठी म्हणून आपल्या हिंगोलीकडच्या गोरेगावला परत आले. ते दोन महिने अजून चाललेत.

मी काय काम करते ते तुम्हाला सांगायला आवडलं असतं, कारण बाबांना सांगून सांगून मी थकले. संगणकाला काम सांगायच्या भाषा असतात. अशा एका भाषेची नवी आवृत्ती दर वर्षी निघते. काही नवीन येतं, काही बदलतं, काही काढून टाकतात. भाषा बनवणारे वेगळे. मी फक्त काय बदललं ते लिहिते, म्हणजे ती वापरणाऱ्या जगभरच्या लोकांना कळावं की आपला कालपर्यंत चालणारा प्रोग्रॅम उद्या चालेल की नाही. वरच्या खोलीत, पत्र्याखाली, टेबल मांडलंय. खाली बाबांची खाट. त्यांना काही लागलं की ते डाव्या हातानं स्टीलचा पेला खाटेच्या लोखंडी पट्टीवर वाजवतात. मी वाक्य अर्धं टाकून खाली जाते, त्यांना उठवते, बसवते, परत वर येते आणि ते वाक्य कुठे चाललं होतं ते आठवत बसते. बाहेर जीपवाले "हिंगोली, हिंगोली" ओरडत असतात. माणसं चढतात, जीप निघते, दुसरी लागते. दिवसभर मला तोच आवाज ऐकू येतो.

तुम्ही मला एकदाच रागावला होतात, आणि तेही मी एकही चूक केली नव्हती तेव्हा. पुस्तकातली एक सूचना उतरवायची होती: कार्यालय स्थलांतरित झाले आहे, संबंधितांनी नोंद घ्यावी. मी ती सगळ्यांच्या आधी, एकही खाडाखोड न करता टाइप केली आणि मान वर करून बसले. तुम्ही कागद मशीनमधून ओढून काढलात.

"कुठं गेलं गं कार्यालय?"

"बाई, पुस्तकात तेवढंच आहे."

"आणि तुला विचारावंसं न्हाई वाटलं? बोटं चालू आहेत, डोकं घरी ठेवून आलीस का?"

पोरी हसल्या. मला इतका राग आला की आठवडाभर मी तुमच्याकडे बघितलं नाही. पुस्तकात नाही ते मी कुठून आणू, असं मनात म्हणत राहिले. तुम्ही मात्र दुसऱ्या दिवशी मला उशीर झाल्यावर माझ्या मशीनवरचं फडकं स्वतः काढून ठेवलं होतंत.

मग तो दिवस आला. तुम्ही उभ्या आहात, हातात परिपत्रकाची प्रत. मशीनवरची परीक्षा यापुढे होणार नाही, ती संगणकावर होईल, असं तुम्ही वाचून दाखवता. सगळी मशिनं थांबलेली. मागच्या बाकावरची, साखरा गावाहून येणारी मुलगी विचारते, "मंग ह्या मशिनीचं काय करायचं, बाई? आन् तुमी काय करनार?" तुम्ही कागद उलटा करून बघता. मागची बाजू कोरी. तुम्ही ती जरा जास्तच वेळ बघत राहता, मग म्हणता, "बंद, एवढंच लिहिलंय. पुढं काय ते न्हाई लिहिलं." आणि घड्याळाकडे बघून आम्हाला पुढचा उतारा काढायला सांगता.

तुम्ही हार मानली नाहीत, हे मला माहीत आहे. तुमच्या भाच्यानं जुना संगणक आणून लावला तेव्हा मी तिथे होते. मशीनवर आयुष्यभर ठोकलेली तुमची बोटं. तुम्ही 'क' दाबलात आणि सवयीनं बोट जरा टेकवून ठेवलंत. पडदाभर क क क क पसरले. तुम्ही आधी हसलात. "फार हळवं आहे गं हे. नुसतं बोट लावलं की रडायला लागतं." मग पुन्हा दाबलंत, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तुम्ही चष्मा काढून पुसत बसलात आणि मी खिडकीबाहेर बघितलं. पुढच्या वर्षी पोरी हिंगोलीच्या संगणक केंद्रात जायला लागल्या. देवळाची रोजची पूजा तुमच्या घराकडे होती, सकाळची सगळी आवराआवर उरकून तुम्ही तरीही वेळेवर क्लास उघडायच्या, झाडून घ्यायच्या, टेबलापाशी बसायच्या. मी पुण्याला असताना बाबांनी फोनवर सांगितलं की तुम्ही गेलात. आजार काय होता ते कुणी नीट सांगितलं नाही.

यंदाच्या आवृत्तीबद्दल सांगते, कारण त्यासाठीच लिहायला बसले. संगणक अक्षरं आकड्यांत साठवतो. कोणता आकडा म्हणजे कोणतं अक्षर, याचे तक्ते असतात, जुने वेगळे, नवे वेगळे. आजवर प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं कोणता तक्ता घ्यायचा ते सांगितलं नाही, तर आमची भाषा त्या त्या मशीनवरचा जुना तक्ता घ्यायची. यंदा ठरलं की सगळीकडे एकच नवा तक्ता. निर्णय चांगला होता, त्याबद्दल माझं काही म्हणणं नव्हतं. मला एका ओळीत लिहायला सांगितलं होतं: अक्षरं वाचण्याची जुनी पद्धत बंद करण्यात आली आहे. मी ते लिहिलं, आणि मग ते करून बघितलं. जुन्या तक्त्यातली मराठी नावांची एक फाइल घेतली आणि नव्या आवृत्तीत उघडली. प्रोग्रॅम थांबला नाही, त्यानं तक्रारही केली नाही. फक्त नावांच्या जागी चौकोन आणि प्रश्नचिन्हं आली. आणि फाइल तशीच जतन झाली की खरी नावं गेली. पुन्हा जुन्या आवृत्तीत उघडली तरी ती नाहीतच. कुठल्या दवाखान्यात, कुठल्या शाळेत अशा फायली पडल्या असतील, आणि तिथलं माणूस सगळं नीट चाललंय असं समजून रोज काम करत राहील. मोडून पडलं असतं तर निदान कळलं तरी असतं.

मी एक परिच्छेद लिहिला. नवी आवृत्ती घेण्याआधी, जुनी हाताशी असतानाच, काय करून घ्यायचं ते त्यात सांगितलं. तो सगळ्यात वर ठेवला. माझी वरिष्ठ बंगळुरूला बसते, वयानं माझ्याहून लहान, हुशार, मनानं वाईट नाही. तिनं तो काढला. "इतकं लांब कुणी वाचत नाही. खाली यादीत ती ओळ आहेच." मी परत ठेवला. तिनं परत काढला आणि या वेळी व्हिडिओवर फोन केला.

आता माझी अडचण ऐका. सगळ्यांनी बंगळुरूच्या ऑफिसात येऊन काम करायचं असा आमच्याकडे नियम झालाय. मला तेवढी घरून काम करायची सवलत आहे, तीही थोड्या थोड्या महिन्यांची, आणि ती वाढवायची की नाही हे तिच्याच हातात. गोरेगावात बसून करता येईल असं दुसरं काम मला कोण देणार? मान खाली घालून हो म्हणायचं, हेच मी इतकी वर्षं करत आले. त्या दिवशी मात्र माझा आवाज चढला. "यादीत बंद एवढंच लिहिलंय. पुढे काय करायचं ते कुठे आहे?" असं मी म्हटलं आणि मलाच दचकायला झालं. खालून पेला वाजायला लागला. मी बोलतच राहिले. पेला थांबेना.

ती म्हणाली, "तुमचे वडील असतील. जा तुम्ही. मी थांबते."

मी खाली गेले. बाबा उठायचा प्रयत्न करत होते, धोतर ओलं झालेलं. "काहून वरडून राह्यली?" ते म्हणाले. लकव्यानंतर त्यांचे शब्द जडच निघतात. "कोन मेलं का?"

"कुनी न्हाई मेलं, बाबा. ऑफिसचं हाय."

"मंग हळू बोल. नोकरी जाईन."

त्यांना धुतलं, धोतर बदललं, उशी मागे लावली. हात पुसत वर आले तेव्हा मला वाटलं तिनं फोन ठेवला असेल. ती तशीच पडद्यावर होती, पण माझ्याकडे बघत नव्हती. मी गेल्यावर वेळ घालवायला तिनं स्वतः करून बघितलं होतं. जुन्या तक्त्यात कानडीत आईचं नाव लिहिलं, नव्या आवृत्तीत उघडलं आणि जतन केलं.

"परत येत नाहीये," ती म्हणाली.

"येणार नाही."

"मी दोन्ही आवृत्त्यांत बघितलं."

"मीही बघितलं होतं."

तिनं ती फाइल बंद केली. मग म्हणाली, "वरच ठेवा तो परिच्छेद. अजून सोपा करता आला तर करा."

आवृत्ती निघाली. परिच्छेद सगळ्यात वर होता. त्याबद्दल कुणी कौतुक केलं नाही, कुणाची तक्रारही आली नाही. आमच्या कामात तक्रार आली नाही म्हणजे लिहिलेलं पोचलं असं समजायचं. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. त्या संध्याकाळी बाबांना आवडतं तसं पिठलं केलं, ठेचा जरा जास्त झणझणीत केला, आणि दोघांनी मिळून खाल्लं.

पुढच्याच आठवड्यात माझ्या वरिष्ठेचा फोन आला. मी काही मागितलं नव्हतं. ती म्हणाली, "तुमची सवलत मी कायमची करून घेतली. दर वेळी अर्ज नको. तुम्ही तिथूनच काम करा, हवं तितकी वर्षं." मी आभार मानले. मनापासून मानले असंच तिला वाटलं असेल. फोन ठेवला आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर जाऊन बसले. इतके दिवस ती सवलत संपायची भीती वाटायची, पण त्या भीतीत एक फट होती हे तेव्हा मला समजलं. एक दिवस कुणीतरी म्हणेल, चल, आता यावंच लागेल. मग मी बाबांना सांगीन, भावाला सांगीन, माझा नाइलाज आहे. आता तसं कुणी म्हणणार नाही. बाहेर जीपवाला ओरडत होता. खाली बाबांचा रेडिओ चालू होता. मी बसल्या जागी पायऱ्यांकडे बघत राहिले, आणि मला श्वास घ्यायला जड गेलं, बाई. आजारी नव्हते मी. नुसतं जड गेलं.

भावाला हे काही माहीत नाही. तो पुण्याला असतो, धाकटा. त्याच्या डोक्यात अजून माझी सवलत संपत आलेली आहे. परवा दुपारी त्याचा फोन आला.

"ताई, आमी दोघांनी ठरवलंय. बाबांला आमी घेऊन येतो. लिफ्ट हाये, खालीच डॉक्टर हाये. तू जा बंगळुरूला. तू किती दिवस आडकून राहशीन तिथं?"

तो हे मनापासून म्हणत होता. त्याच्या बायकोनंही फोन घेतला आणि तेच सांगितलं. खोली रिकामी केलीय, पलंग बघून ठेवलाय, म्हणाली. मी म्हटलं, "बाबा न्हाई म्हणतात. गोरेगाव सोडून कुठंच येनार न्हाईत."

भाऊ म्हणाला, "तू समजावून सांग ना."

"सांगितलं. न्हाईच म्हणतात."

"बरं," तो म्हणाला. त्याच्या आवाजात वाईट वाटल्याचं होतं, आणि थोडी सुटकाही, असं मला वाटलं. खाली आले तर बाबा जागेच होते. "कोनाचा फोन होता?" त्यांनी विचारलं. "ऑफिसचा," मी म्हटलं, आणि त्यांच्या पायाला तेल चोळायला बसले.

हे मी इथे कुणालाच सांगू शकत नाही. शेजारीपाजारी मला फार मानतात, पोरगी असावी तर अशी म्हणतात. तुमच्या घराचा पत्ता मला पाठ आहे, पण तिथे आता कुणी राहत नाही. तरीही लिहिलं, कारण रागावलात तरी तुम्ही आधी प्रश्न विचाराल, एवढी खात्री आहे.

बाबांना मी विचारलंच नव्हतं, बाई. ते हो म्हणाले असते तर मी कुठे जायचं, ते मला माहीत नव्हतं.