वखारीतल्या कुत्र्यांचे पाणी व भगवंताचे मरण

शके १७८८, वैशाख वद्य नवमी, मंगळवार, तारीख ८ मे सन १८६६, मुक्काम अमरावती.

आज सकाळपासून पश्चिमेचा गरम वारा आहे. कापसाच्या गाड्या आल्या, त्यांतल्या काही वजनाच्या काट्यावर घेतल्या, बाकीच्या उद्यावर ठेवल्या. पोटातली गाठ दुखू लागली म्हणून दोन प्रहरी घरी आलो. वैद्याने दिवाळीपर्यंतचा भरवसा दिलेला नाही. म्हणून वखारीतले नत्थुजी चौकीदार व कुर्बान भिस्ती यांना बोलावून त्यांच्यासमोर हे लिहीत आहे.

मी वामनराव वल्द गणुजी भुयार, वय चव्वेचाळीस, जात कुणबी, धंदा कापसाच्या वखारीत काट्यावरचा कारकून. डोके ठिकाणावर आहे. हे लिहिण्यास मला कोणी शिकवले नाही व कोणी धमकावले नाही. माझ्या मागे माझ्या वस्तूंचे पुढीलप्रमाणे करावे.

कलम पहिले. माझे राहते घर, परसातली विहीर व दोन कडुलिंब यांसह, माझा मयत धाकटा भाऊ भगवंत याची बायको पार्वताबाई, हल्ली राहणार तिवसा, हिला द्यावे. शिल्लक राहील ती रोकडही तिचीच. तिने घेतलेच पाहिजे असे नाही. पुढचे कलम ऐकल्यावर तिला माझ्यावर थुंकावेसे वाटेल. तो तिचा हक्क आहे.

कलम दुसरे. भगवंत गेल्या सालच्या वैशाखात ऊन लागून कापसाच्या गंजीवरून पडला, डोके फुटून मेला, असे वखारीच्या दप्तरात माझ्या अक्षरात लिहिले आहे. ते खोटे आहे.

कापूस सोन्याच्या भावाने जात होता तेव्हा वखारीच्या अंगणात त्याच्या गंजी उघड्यावर रचलेल्या असत. चोरांसाठी गंजीभोवती सहा कुत्री लोखंडी साखळ्यांनी बांधलेली असत. त्यांची निगा भगवंताकडे होती. वजन वाढावे म्हणून लोक कापसावर चोरून पाणी शिंपडत, त्याच्या तक्रारी मुंबईहून येत. म्हणून मी नियम केला की गंजीपासून वीस हातांत पाणी आणायचे नाही. माणसे फाटकाबाहेर जाऊन पीत. साखळीतल्या कुत्र्यांचे काय, हा विचार मी केला नाही. तो भगवंताने केला. तो गोणपाटाच्या आड मातीच्या परळात पाणी ठेवी आणि ओल्या फडक्याने कुत्र्यांची पोटे व पंजे पुशी.

त्या सकाळी मी ते परळ पाहिले आणि लाथेने फोडले.

तो म्हणाला, "दादा, जनावराले आपल्यासारखा घाम नाही येत. ते जिभेनंच थंड होते. पानी नसन तं मरन ते."

मी म्हणालो, "कापूस वला झाला तं नोकरी माही जाईन."

"कापूस सुका हाय. तुयंच डोस्कं तापलं हाय."

चार हमाल हसले. मला राग आला. मी त्याला फाटकाबाहेर गाड्या लावायच्या कामावर पाठवले आणि भर दुपारपर्यंत आत येऊ दिले नाही.

दुपारी बुंदी नावाची कुत्री खुंटा उपटून निघाली. पाय लटपटत होते, डोळे लाल, तोंडाला फेस. ती फाटकाकडे जात होती. फाटकाबाहेर कुर्बान पाण्याने भरलेली कातडी मशक घेऊन उभा होता. ती पाण्याकडे चालली होती, हे आज मला कळते. तेव्हा मी काट्यावरून ओरडलो, "पिसाळली. मारा."

नत्थुजीने पहिली काठी घातली. कुत्रीचा जबडा मोडला. भगवंत बाहेरून धावत आला आणि तिच्यावर आडवा पडला. तो म्हणत होता, "ऊन लागलं तिले, ऊन लागलं." नत्थुजीची दुसरी काठी उचललेली होती, ती त्याच्या डोक्यात बसली. तेवढ्यावर थांबायला हवे होते. हमालांनाही काठ्या मिळाल्या होत्या. कुत्री त्याच्या अंगाखाली तडफडत होती आणि ते तिला मारत होते. त्यातले किती घाव त्याला लागले ते सांगता येत नाही. मी काट्यापासून हललो नाही. शेवटी कुर्बानने अख्खी मशक सगळ्यांच्या अंगावर सोडली तेव्हा ते मागे सरले. भगवंताच्या कानातून रक्त येत होते. तिसऱ्या प्रहरी तो गेला. जवळच्या गंजीवर रक्त उडाले होते. तेवढा कापूस मी वेगळा काढायला सांगितला. हेही लिहितो, कारण ते मी केले.

कलम तिसरे. माझा लोखंडी काटा विकावा व येईल त्यातून कुर्बानने वखारीतल्या कुत्र्यांना फाल्गुन ते ज्येष्ठ पाणी घालावे. परळे रुंद व जड असावीत, सावलीत ठेवावीत, दिवसातून तीनदा बदलावीत. दुपारी खायला घालू नये. तळहात जमिनीवर ठेवून वीस आकडे मोजावेत. हात टेकवत नसेल तर तिथे कुत्रे बांधू नये. कुत्रे धापा टाकू लागले, लाळ घट्ट झाली, पाय लटपटले तर सावलीत न्यावे, पोट, काखा व पंजे पाण्याने भिजवावेत व सुपाने वारा घालावा. ओले गोणपाट अंगावर गुंडाळून ठेवू नये, आत वाफ कोंडते. पाणी तोंडापुढे ठेवावे, घशात ओतू नये. पिसाळल्याची शंका असेल तर फाटक लावून सगळ्यांनी दूर राहावे व जाणत्याला बोलवावे. आरोळी ठोकू नये.

हे सर्व भगवंत करी व सांगे ते आहे. मी ते हमालांना विचारून गोळा केले.

कलम चौथे. गेल्या श्रावणात मी नत्थुजीला एकटा गाठून काट्याच्या दांडीने मारले. जीव घ्यायचाच होता. त्याने हात वर केला नाही, म्हणून की काय, माझ्याने पुरे झाले नाही. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे मोडली, ती वाकडीच जुळली. माझी दुभती म्हैस त्याला द्यावी. मी त्याला क्षमा केलेली नाही. म्हैस बोटांबद्दल आहे.

येथवर लिहून मी दोघांना वाचून दाखवले. नत्थुजी भिंतीकडे पाहत होता.

कुर्बान म्हणाला, "मुन्शीजी, हा कागद बाईले तुमी मेल्यावर भेटन ना?"

मी हो म्हणालो.

"मंग ते थुंकन कोनावर?"

नत्थुजी म्हणाला, "मी निशानी देतो. फौजदारापुढंबी देईन. काठी माहीच होती. पन आवाज तुमचा होता, कारकूनसाहेब. माह्या मांगं लपू नका."

"लपून नाही राहिलो," मी म्हणालो.

"वरसभर तं लपूनच होते."

म्हणून आणखी एक कलम.

कलम पाचवे. कलम दुसरे मी उद्या तिवस्याला जाऊन पार्वताबाईला माझ्या तोंडाने वाचून दाखवीन. नंतर तिने फौजदाराकडे जावे, घर घ्यावे, की दोन्ही करावे, ते ती ठरवील. फौजदाराकडे गेली तर मी काही नाकारणार नाही. वाटेतच माझे काही झाले तर कुर्बानने हा कागद तिथल्या एखाद्या वाचत्या माणसाकडून तिला ऐकवावा. एक ओळही गाळू नये.

हे ऐकून, समजून घेऊन दोघांनी माझ्यासमोर खूण केली, व मी त्यांच्यासमोर सही केली.

सही: वामनराव वल्द गणुजी भुयार, दस्तुर खुद्द.

साक्ष: नत्थुजी, चौकीदार. निशाणी नांगर, डाव्या हाताची.

साक्ष: कुर्बान वल्द अब्दुल रहीम, भिस्ती. निशाणी मशक.

मुक्काम अमरावती, तारीख मजकूर.

मंडळी गेली तेव्हा उन्हे उतरत होती. मी चूल पेटवली, ज्वारीचे पीठ मळले, वाटेसाठी चार भाकऱ्या भाजल्या आणि फडक्यात बांधून ठेवल्या.