लेखकाच्या गटारावर झाकण मिळणेबाबत

प्रति,
मा. मुख्याधिकारी साहेब,
नगरपालिका कार्यालय.

विषय : थोर लेखक ज्याच्या काठी लहानाचे मोठे झाले, त्या उघड्या गटारावर झाकण मिळणेबाबत.

संदर्भ : "सदर गटार हा साहित्यिक ठेवा असल्याने मूळ स्वरूपात जतन करण्यात येत आहे", असे कळविणारे आपल्या कार्यालयाचे पत्र.

महोदय,

१. अर्जदार गाद्या भरण्याचा व्यवसाय करतो. घर व दुकान एकच असून पुढच्या खोलीत कापूस पिंजणे, भरणे व टाके घालणे ही कामे चालतात. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकले की सदर गटार. कापूस वास फार लवकर धरतो, हे आपणांस ठाऊक नसल्यास कळविण्यात येत आहे. नवी गादी घेऊन गेलेले गिऱ्हाईक ती डोक्यावर घेऊन परत येते आणि "हिच्यात काय मेलंय?" असे भर रस्त्यात विचारते.

२. या लेखकाबद्दल गावाला आज जो उमाळा आला आहे तो ताजा आहे. पुस्तक निघाले तेव्हा याच गावाने त्याच्या नावाने बोटे मोडली होती. आपली घाण चव्हाट्यावर मांडली म्हणून कोपऱ्यावरच्या न्हाव्याने दुकानात त्याचे नाव काढायलाही बंदी केली होती, आणि वाचनालयाने पुस्तकाची प्रत कुलपात ठेवली होती. पुढे त्याला मोठे बक्षीस मिळाले आणि सगळ्यांना त्याला अंगाखांद्यावर खेळवल्याचे एकदम आठवू लागले. तोच न्हावी आता येणाऱ्याजाणाऱ्याला, लेखक लहानपणी हिच्यावरच बसायचे म्हणून, आरशासमोरची खुर्ची दाखवतो. ती खुर्ची गेल्या वर्षी घेतलेली आहे. अर्जदाराला तेव्हाच्या गावाची किळस आली होती, आताच्या गावाची जास्त येते. लेखकाविषयी अर्जदाराला प्रेम आहे असेही नाही. पुस्तकात आमच्या घराला त्याने "पाठ फिरवून बसलेले घर" म्हटले आहे. तो राग अजून गेलेला नाही. पण लिहिले ते खोटे आहे, असे म्हणायला जीभ रेटत नाही.

३. बक्षिसानंतर आपल्या कार्यालयाने गटारावर झाकणे टाकण्याचे ठरलेले काम थांबवले, काठाला पितळी कठडा बसवला आणि पुस्तकातील उतारा कोरलेली काळ्या दगडाची पाटी लावली. लांबलांबून माणसे येतात, नाक दाबतात, फोटो काढतात व "अगदी पुस्तकातल्यासारखं आहे!" असे म्हणून हरखून जातात. उन्हाळ्यात गटार आटले. अर्जदाराने सुटकेचा श्वास घेतला तो तेवढाच. पाहुण्यांनी वास येत नसल्याची तक्रार केली आणि आपल्या माणसांनी मासळी बाजाराचे सांडपाणी नळ टाकून या गटारात आणून सोडले. अर्जदाराने विचारले असता मुकादम म्हणाला, "काका, माझ्यावर कशाला डाफरता? वरून सांगणं आलंय, वास कमी पडतोय म्हणून."

४. सत्काराच्या दिवशी लेखक स्वतः आले होते. कठड्याजवळ दोन मिनिटेही उभे राहिले नाहीत. रुमाल तोंडाला लावून म्हणाले, "आमच्या वेळी एवढी घाण नव्हती हो," आणि गाडीत जाऊन बसले. गर्दी खळखळून हसली. सर्वांत मोठ्याने आपण हसलात. तो माणूस विनोद करत नव्हता, साहेब. त्याला ओकारी येत होती.

५. अर्जदाराची सून बाळंत होऊन माहेरी आहे. मुलगी झाली. नातीसाठी अर्जदाराने निवडक कापसाची छोटी गादी भरून ठेवली आहे. तीही वासाला लागू नये म्हणून पत्र्याच्या पेटीत ठेवावी लागली. सून फोनवर म्हणाली, "बाबा, राग मानू नका, पण झाकण पडल्याशिवाय मी बाळाला घेऊन त्या दारात पाऊल ठेवणार नाही." राग कसला मानायचा? तिचे शंभर टक्के बरोबर आहे. मुलगा आता तिकडेच भाड्याने खोली बघतो आहे. एकदा खोली घेतली की ही माणसे परत यायची नाहीत, हे अर्जदाराला स्वच्छ दिसते.

६. आता पाटीविषयी. तीवर लेखकाचा धाकटा भाऊ गटाराच्या काठी खेळता खेळता आजारी पडतो व तापाने जातो, तो उतारा आहे. शाळेच्या पुस्तकात धडा तेवढाच आहे आणि आपल्या कार्यालयाचे वाचन तिथेच थांबलेले दिसते. मूळ पुस्तकाचे पान कोणी उलटलेच नाही. पुढच्याच पानावर त्या मुलाची आई, गटारावर झाकण टाका एवढेच मागायला, अर्ज घेऊन आपल्याच कार्यालयात जाते. कारकून मान वर न करता "बघू" म्हणतो. सोबत सही करायला गल्लीतले कोणी पुढे येत नाही. आमचे पाठ फिरवलेले घर तिथले आहे.

पाहुणे पाटीपाशी डोळे पुसतात, कारण त्यांना ते कादंबरीतले मूल वाटते. ते मूल खरे होते. आमच्या शेजारचे होते. त्याची गादी माझ्या वडिलांनी भरली होती. तो गेल्यावर त्याच्या आईने ती आमच्या दुकानात परत आणून दिली आणि म्हणाली, "दुसऱ्या कुणाच्या लेकराला होईल." वडिलांनी ती घेतली, पण कुणालाच दिली नाही. हे त्या पुस्तकात नाही, लेखकाला ते माहीतही नसेल.

ती बाई झाकणाची वाट पाहत म्हातारी झाली आणि गेली. तिला "नाही" असे उत्तर आपल्या कार्यालयाने कधीच दिले नाही, म्हणजे तिचा अर्ज अजून निकाली निघालेला नाही. तरी साहेब, हा नवा अर्ज समजू नये. हे तिच्या अर्जाचे स्मरणपत्र आहे, आणि या वेळी सोबत आमच्या घराची सही आहे.

नाक दाबून, तरीही नम्र,

(सही)
गादीवाला, पाटीसमोरचे घर

दिनांक : आवक शिक्क्याप्रमाणे.

सोबत : पुस्तकाचे पुढचे पान, छायाप्रत. परत करू नये, वाचावे.