कांबेला पाणी

८ जानेवारी, गुरुवार
घूं. परत घूं. चर्चसाठी केलेला अँप्लिफायर लावला की गाणं सुरू व्हायच्या आधी हाच गातो. बाफो ऑर्गन वाजवतो, त्याचा सल्ला – "मास्टर, प्लगची तिसरी पिन कापून टाका. अख्खं टेकिमान गाव कापतं." कापतं खरं. आवाज जातोही. पण मग पेटीत करंट उतरला तर त्याला जमिनीत जायला वाट उरत नाही, तो माइकमधून गाणाऱ्याच्या तोंडात शिरतो. आणि गाणारी माझी बायको आहे, दूफी.

९ जानेवारी
ऑर्गनची अर्थ, म्हणजे करंट जमिनीत नेणारी वायर, एका भिंतीतून, अँप्लिफायरची दुसऱ्या. दोन वाटा, म्हणून मधल्या तारेत करंट फेऱ्या मारत बसतो. सगळ्या अर्थ वायरी एकाच बोल्टला आणून आवळल्या. घूं निम्मा झाला. उरलेला कुठून येतो?

११ जानेवारी, रविवार
दूफी गाता गाता थांबली. घरी येताना म्हणाली, "माइकला ओठ लागला की मुंग्या चावतात." मला भीती वाटली, दुसरं काही नाही.

१२ जानेवारी
सापडलं! चर्चच्या भिंतीतली अर्थ पुढे कुठेच जात नाही, नुसती शोभेला. मागच्या अंगणात तांब्याची कांब ठोकली, भोवती कोळसा, मीठ, वर बादलीभर पाणी. घूं गेला. बराच वेळ नुसता ऐकत बसलो.

१४ जानेवारी
हरमॅटनचा वारा सुटलाय. ओठ फुटले, जमीन खडखडीत. घूं हजर. म्हणजे आता रोज सकाळी कांबेला एक बादली.

१६ जानेवारी
चर्चमधले ज्येष्ठ ओपानिन अम्पोन्सा यांनी बघितलं. "देवाच्या अंगणात पूर्वजांना पाणी पाजतोस होय रे?"
मी म्हटलं, "ओपानिन, हे विजेसाठी."
"तुझ्या आजोबांना पूर्वजांसाठी ओतताना विचारलं असतं तर त्यांनीही असंच काहीतरी सांगितलं असतं."
मला हसू आलं. घरी सांगितलं तर दूफी हसली नाही. तिचे वडील मुखियासाठी पूर्वजांची नावं घेत जमिनीवर दारू ओतायचे. ते तिला खपेना म्हणूनच ती घर सोडून इकडे आली. तेव्हापासून चर्च हेच तिचं माहेर.

१८ जानेवारी, रविवार
तिला खपत नाही म्हणून कांबेला पाणी घातलं नाही. मुंग्या चावत होत्या, तरी सगळी गाणी म्हणाली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

२० जानेवारी
ज्येष्ठांची बैठक झाली. रविवारच्या आत कांब उपटायची, नाहीतर दूफी गायकमंडळाबाहेर. शिक्षा तिला का? तर नवरा तिचा आहे!
अँप्लिफायर घरी आणावा, तर ते भाड्यानं दुसरा आणतील, पिन कापलेला. तिला गाऊ नकोस म्हणावं, तर माझी जीभ रेटत नाही. इकडे आड, तिकडे विहीर. कांब राहिली तर तिचं गाणं जाईल, कांब गेली तर एखाद्या रविवारी तीच.

२४ जानेवारी, शनिवार
शेवटी तिलाच विचारलं. जेवणाच्या मक्याच्या केनकेची पानं सोलता सोलता म्हणाली, "ओतणाऱ्याच्या घरातून पळाले आणि ओतणाऱ्याशीच लग्न लावून बसले." एवढंच. समजलो. उद्या सकाळी उपटतो. माझा धीर खचलाय.

२५ जानेवारी, रविवार
पहार घेऊन अंगणात गेलो. कांबेभोवती चिखल. दूफी गायकमंडळाच्या झग्यात, हातात रिकामी बादली. समोर ओपानिन आणि निम्मं चर्च. ती त्यांना सांगत होती, "माझे वडील नावं घेऊन ओतायचे. मी कुणाचंही नाव घेतलं नाही. ओठ माझे आहेत, पाणी मीच घालणार." कुणी काही बोलायच्या आत ती दुसरी बादली भरायला नळाकडे गेली.