मृतांच्या खांबांतून माझे नाव कमी करणेबाबत

प्रति,
मेहेरबान सुपरिंटेंडेंट साहेब,
रानवस्ती रीतिरिवाज नोंद कचेरी, बुऱ्हाणपूर.

विषय : डोईफोडियाजवळील कोरकू वस्तीत मला मयत धरल्याबाबत.
संदर्भ : प्रदर्शनासाठी दुसरा खांब पाठविण्याचा आपला हुकूम, ता. ४ जानेवारी १९०८.

महोदय,

१. मी आपल्या कचेरीत कारकून असून कोरकू लोकांच्या चाली लिहून घेण्यास तीन वर्षांपासून नेमलेला आहे. या लोकांत माणूस मेला की सागाचा खांब कोरतात, त्यास मुंडा म्हणतात. त्यावर चंद्र, सूर्य व घोड्यावर बसलेला मयत काढतात. बोकड कापून खांब आंब्याखाली रोवला, म्हणजे मयत पूर्वजांत जातो. तोवर वेशीबाहेर भटकतो, अशी त्यांची समजूत. ही माहिती माझ्याच हस्ताक्षरात कचेरीत असल्याने मला ती ठाऊक नव्हती, असे मला म्हणता येत नाही.

२. दिवाळीनंतर म्हाताऱ्या कडूने पटकीने मेलेल्या आपल्या मुलाचा, चुडामणचा, मुंडा कोरला. काम अप्रतिम. रोवण्याच्या आदल्या दिवशी मी तो प्रदर्शनासाठी सरकारजमा करून बैलगाडीने आपल्याकडे आणला. कडू गाडीमागे तापीच्या उतारापर्यंत धावत आला. त्यास फार दम लागला होता, परंतु बैल थांबविण्याचे कारण मला दिसले नाही.

३. खांब आपणांस इतका पसंत पडला की तो बंगल्यावरच राहिला व प्रदर्शनासाठी दुसरा हवा असा हुकूम झाला. कडू म्हणाला, "मेल्याबिगर मुंडा होत नई, साहेब. कोन मेलं ते सांगा." मी त्याची बायको रंभाबाई हिला दोन दिवस चौकीत बसविले. पाणी दिले, जुलूम केला असे कोणी म्हणू नये. तिसऱ्या दिवशी तो हात जोडून पुन्हा तेच विचारू लागला. प्रदर्शन तोंडावर आलेले, माझे डोके फिरले. मी म्हणालो, "माझे नाव घाल, पण कोर!" तो मान हलवून निघून गेला. मला वाटले, वठणीवर आला.

४. दहा दिवसांनी गाडी घेऊन गेलो, तो बोकड कापून खांब आंब्याखाली रोवलेला. घोड्यावरच्या मयतास पगडी, चष्मा, कानाला बोरू. माझ्या घरच्यांनीही ओळखला असता. त्या दिवसापासून वस्तीत मी कोणाला दिसत नाही. काही विचारावे तर माणसे सरळ माझ्यापलीकडे पाहतात. मी कडूच्या पाठीत काठी घातली. त्याने पाठ चोळली व शेजाऱ्याला म्हणाला, "वारं सुटलं." शेजारी हो म्हणाला. रंभाबाई मात्र रोज खांबापुढे भाकर ठेवते, चौकीत पाणी दिले म्हणून. ती भाकर मी खातो, कारण तिथे दुसरे अन्न मला मिळत नाही.

माझी वही सहा आठवडे कोरी आहे. ती अशीच राहिल्यास नोकरी जाईल, असे आपले पत्र आले. लिहिण्यास लाज वाटते, पण मला भीती वाटते. हल्ली बुऱ्हाणपुरात कोणी नुसते नावाने हाक मारली तरी बरे वाटते.

५. कचेरीचा शिपाई दगा याच्यामार्फत कडूला उपाय विचारला. तो म्हणाला, "पोराचा मुंडा आना, तो रोवू, साहेबाचा काढू. खड्डा रिकामा ठेवत नई, कोनी मेलेलं लागतं." परंतु चुडामणच्या मुंड्याचे चार तुकडे करून आपण चहाच्या टेबलास पाय केले आहेत. ते परत मागण्याची माझी प्राज्ञा नाही.

सबब विनंती की, माझ्या जागी दगा याचे नाव घालण्याचा हुकूम व्हावा. वय पन्नास, मागेपुढे रडणारे कोणी नाही. मुळातच कमी बोलतो, त्यामुळे त्यास मयत धरले तरी कामात खोळंबा होणार नाही. हा अर्ज घेऊन तोच येत आहे. कृपया त्यास उन्हात फार वेळ उभे करू नये, पाणी द्यावे.

आपला नम्र व अद्याप हयात,
प्रभाकर अनंत लघाटे
ता. ९ मार्च १९०८

सोबत :
(१) माझ्या हयातीबद्दल दोन शेजाऱ्यांच्या सह्या.
(२) दगा याच्या संमतीचा डाव्या अंगठ्याचा ठसा. मजकूर त्यास वाचून दाखविलेला नाही.