पाचवी बाजू

विश्रामबाग, सांगली
रविवार, १९ फेब्रुवारी १९७८

प्रिय लालासाहेब यांना भूपाल चौगुले याचा जय जिनेंद्र.

इकडे आम्ही दोघं ठीक. तुमच्याकडेही तसंच असेल असं धरून चालतो, कारण जूनपासून तुमचं पत्र नाही आणि मीही लिहिलेलं नाही. रंगुबाई वहिनींचा दमा यंदाच्या थंडीत कसा राहिला? शाळू काढणीला आला असेल. राजमतीचे गुडघे दुखतात, बाकी ती धडधाकट आहे. पुतण्या अजून जर्मनीतच, त्याच मशीनच्या कारखान्यात. कॉलेजात परीक्षा तोंडावर आल्यात. मी दमलोय, लालासाहेब. चोपन्न हे काही दमायचं वय नाही, पण सकाळी उठतो तोच दमलेला.

आपलं श्रवण मंडळ चालू आहे, म्हणजे दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी रायगोंडा आणि हरिबा येतात, चहा होतो आणि तबकडी लागते. तुम्ही कोरेगावाहून पॅसेंजरनं यायचात तेव्हा चौघं होतो. आता खुर्च्या तीनच काढतो. हरिबाची बँकेत बदली होणार असं चाललंय. रायगोंडाची हळद या वर्षी चांगली आली. मागच्या खेपेला त्यानं एक हळकुंड खिशातून काढून ग्रामोफोनवर ठेवलं आणि म्हणाला, "यंत्राला बी वास येऊ दे की."

वाद अजून त्याच संचावर होतात. पुतण्यानं आणलेल्या त्या तीन राखाडी तबकड्या, सहा बाजू, सव्वादोन तास, एक वाद्य नाही, सगळं विजेच्या यंत्रांतून काढलेलं. पुतण्या परीक्षणांची कात्रणं पाठवत राहतो आणि आम्ही ती वाचून भांडत राहतो. नोव्हेंबरात एका इंग्रज समीक्षकाचं आलं. त्यानं लिहिलंय की वीस मिनिटांचा ऐवज सव्वादोन तास ताणलाय आणि ऐकणाऱ्याच्या सभ्यपणाचा गैरफायदा घेतलाय. हरिबाला ते एकदम पटलं. म्हणाला, "सर, खरं बोला. चौथ्या बाजूला आपण सगळे पेंगतो." रायगोंडा उखडला. "तिसरी बाजू म्हंजे आमच्या हळदीच्या पॉलिशचा ड्रम. त्या ड्रमाजवळ मी वीस वर्सं उभा हाय, कधी पेंगलो न्हाई. तो इंग्रज कधी आलाय का हळदीच्या पेठेत?" मी नेहमीसारखा मधे पडून समजावत बसलो, की लांबी हाच त्या कामाचा विषय आहे वगैरे. माझं बोलणं ते ऐकून घेतात. पूर्वी मला वाटायचं, पटतं म्हणून ऐकतात.

इथवर तीन वेळा लिहून तीन वेळा कागद फाडला. हा चौथा. आता पुढचं लिहितो.

जानेवारीत आणखी एक कात्रण आलं. त्यात त्या संगीतकाराचीच मुलाखत आहे. हरिबानं ती मोठ्यानं वाचली आणि एका ओळीवर थांबला. त्या माणसानं सांगितलंय, पाचव्या बाजूवर मी एकच बारीक स्वर ठेवलाय, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, इतका वरचा की काहींना तो ऐकू येणार नाही, आणि ज्यांना येईल त्यांना तो विसरता येणार नाही.

हरिबानं कागद खाली ठेवला. रायगोंडा चपलांकडे बघत बसला. मी विचारलं, "रायगोंडा, तुला ऐकू यायचा?"

"येत हुता की, अण्णा."

"मग बोलला का नाहीस?"

"तुमी म्हणला ह्या बाजूला नुसती सुईची खरखर हाय. मग आमी बी सुईची म्हटलं. तुमी शिकलेली मानसं."

हरिबाला विचारायचं धाडस मला झालं नाही.

ते दोघं गेल्यावर मी आत गेलो. राजमती भाकरी थापत होती. तिला तेच विचारलं. ती कधी आपल्यात येऊन बसली नाही, तिला त्या आवाजांची आवडही नाही. तिनं माझ्याकडे तोंड करून, हात थांबवून सांगितलं, "ती बाजू लागली की मला हितं आत दात शिवशिवल्यासारखं होतं. मला वाटलं, तुमाला ते आवडतं."

मग म्हणाली, "दोन वर्सं झाली, मी तुमच्या म्होरं येऊन बोलते. मागनं बोललेलं तुमाला कळत न्हाई. कुकरच्या शिट्ट्या कळत न्हाईत. म्हटलं, तुमी सोताहून सांगाल कवातरी."

लालासाहेब, मला ते ठाऊक होतं. अगदीच ठाऊक नव्हतं असं म्हणणं खोटं होईल. वर्गात मागच्या बाकावरच्या मुलींनी काही विचारलं की मला ओठ हललेले दिसायचे. मी म्हणायचो, चांगला प्रश्न आहे, पुढच्या तासाला घेऊ. वर्ग हसायचा. मला वाटायचं, मुलं हल्ली वात्रट झाली. आणि मी शिकवतो काय, तर पदार्थविज्ञान, त्यात ध्वनी हे माझं आवडतं प्रकरण. फळ्यावर कंपनसंख्येचे आकडे लिहून माणसाला कुठून कुठपर्यंत ऐकू येतं ते सांगायचो, आणि त्या रेषेचा वरचा बराचसा तुकडा माझ्यापुरता पुसून गेला होता.

जानेवारीच्या शेवटी मिरजेला कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. राजमती बरोबर होती. कानावर मोठे टोप चढवून बसवतात आणि यंत्रातून एकेक स्वर सोडतात, ऐकू आला की बोट वर करायचं. सुरुवातीचे जाड स्वर चांगले आले, मी हुशार विद्यार्थ्यासारखा बोट वर करत होतो. मग बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं, डॉक्टर दुसऱ्या कामात गुंतले. वर बघितलं तर ते बटण दाबून माझ्याकडे बघत होते आणि राजमतीचे डोळे भरले होते, कारण टोपातून बाहेर आलेला आवाज तिला तिथं बसून ऐकू येत होता.

हे हळूहळू वाढत जाईल, असं ते म्हणाले. कानाला लावायचं यंत्र मिळतं, पण त्यानं जे उरलंय तेच मोठं होतं, गेलेलं परत येत नाही. काल प्राचार्यांना सांगितलं. ते भले गृहस्थ आहेत. येत्या जूनपासून मला वर्ग नाहीत, प्रयोगशाळेतलं सामान बघायचं.

आता गेल्या जूनच्या त्या रविवारचं.

तुम्हाला आठवत असेल, त्याआधी पुण्याच्या साप्ताहिकात परीक्षण आलं होतं की पाचवी बाजू निव्वळ कोरी आहे आणि ही विकत घेणाऱ्याची फसवणूक आहे. त्या लेखकाच्या कानांचं मला माहीत नाही. मी त्याला दोन रकान्यांचं उत्तर लिहिलं. ही शांतता मुद्दाम ठेवलेली आहे, ती ऐकायला धैर्य लागतं, असलं बरंच काही. ते छापून आलं. तो अंक मी महिनाभर पिशवीत घेऊन फिरत होतो, स्टाफरूममध्ये टेबलावर उघडा टाकत होतो. त्या रविवारी तुम्हाला मोठ्या हौसेनं वाचून दाखवला. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि शांतपणे म्हणालात, "अण्णा, कोरी न्हाई ती. बारीक आवाज हाय, पहिल्यापास्नं शेवटापतोर."

मी तबकडी लावली. ऐकवा म्हटलं. तुम्ही बोट वर करून बसलात, हा बघा, हा बघा म्हणत. मला काही ऐकू येईना आणि माझा पारा चढत गेला. तेव्हा तुम्ही फौजेतल्या वायरलेसचं सांगितलंत. "रातंदिस सेटला कान लावून बसायचो. आसा बारीक सूर आला की समजायचं, तिकडं आपला गडी बटन दाबून बसलाय. बोलाय येत न्हाई त्येला, पर जित्ता हाय."

त्यावर मी काय बोललो ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. मी म्हणालो, "लालासाहेब, तोफांपाशी राहून तुमचे कान फुटलेत. तो आवाज तबकडीत नाही, तुमच्या डोक्यात आहे. मेलेली माणसं घेऊन माझ्या घरी येत जाऊ नका."

हरिबा आणि रायगोंडा दोघं समोर होते. तुम्ही उरलेला चहा संपवलात, कपबशी आत नेऊन ठेवलीत, "येतो, वहिनी" म्हणालात आणि दुपारच्या गाडीला गेलात. मी उठलोसुद्धा नाही. उलट तुम्ही गेल्यावर रायगोंडाला म्हणालो, फौजेतली माणसं हळवी असतात.

साप्ताहिकाला मी चूक कबूल करणारं पत्र पाठवलंय. संपादकांचं कार्ड आलं, विषय आता जुना झाला आहे, क्षमस्व. म्हणजे छापलेलं ते तसंच राहणार. पुढं कोणी ती जुनी फाइल उघडली तर भूपाल चौगुले शांततेवर व्याख्यान देताना सापडेल. राहू दे.

तुमच्याकडे क्षमा मागायची तर ती कशी मागायची ते मला येत नाही. चारचौघांत बोललो, तेव्हा चारचौघांतच मागायला हवी. मागच्या रविवारी रायगोंडा आणि हरिबाच्या समोर सगळं सांगितलं. हे पत्रही त्यांनी वाचलं तरी माझी हरकत नाही. तुम्हाला "या" असं म्हणण्याचा मला हक्क उरलेला नाही, म्हणून म्हणत नाही. एवढंच करा, ती पाचवी बाजू तुम्ही ऐकलीत तशी मला कधी सवडीनं लिहून पाठवा. वाचता अजून येतं.

वहिनींना नमस्कार.

आपल्याच घरी आपल्या पाहुण्याचा अपमान केलेला,
भूपाल


कोरेगाव
ता. २७ फेब्रुवारी १९७८

भूपालअण्णा यांस लालासाहेब बर्गे याचा रामराम.

तुमचं पत्र बुधवारी मिळालं. रंगुबाईला वाचून दाखवलं. तिचा दमा बरा हाय. शाळू काढाय घेतलाय, मानसं मिळंनात, म्हून उत्तराला उशीर झाला. माजं लिवनं तुमच्यावानी न्हाई, जसं बोलतो तसं लिवतो, समजून घ्या.

तुमी समदं खरं लिवलं, तर मी बी खरं लिवतो. त्या दिवशी राग आला. लय आला. गाडीत बसून कोरेगावपतोर कुनाशी बोललो न्हाई. पर घरी आल्यावर राग ग्येला आन् भ्या वाटाय लागलं. तुमी आवाजाचं शास्त्र शिकवनारं मास्तर. तुमी म्हणताय तर खरंच माज्या डोस्क्यात आसंल, आसं वाटलं. रातीला उठून बसायचो, सूर येतोय का बघायचो. हिला बोललो न्हाई.

जुलैत फौजेच्या डाक्टरकडं ग्येलो. तुमी लिवलंय तसंच टोप घातलं. मी बोट वर करीत ग्येलो, डाक्टर बारीक बारीक करीत ग्येला, तरी बोट वरच. शेवटी त्यो हसला. म्हनला, हवालदार, तुमचं कान पंचविशीतल्या जवानाचं हायत.

भाईर बाकावर यिऊन बसलो. आदी बरं वाटलं. मग ध्यानात आलं, माजं कान चांगलं, म्हंजी अण्णांचं ग्येलं. तुमी खोटं बोलत न्हवता, तुमाला ऐकूच येत न्हवतं.

म्हून आलो न्हाई, अण्णा. रागानं न्हाई. आलो आसतो तर तुमी परत ती तबकडी लावली आसती, परत इचारलं आसतं, आन् मला चौघांत सांगावं लागलं आसतं. तुमची समदी जिंदगी त्या कानावर. ते माज्या तोंडनं निघाय नको हुतं. तुमी समजत ऱ्हावा मी रुसलोय, ते बरं, आसं ठरवलं. आठ म्हैनं त्येच केलं. रंगुबाई म्हनाली, मित्राला आसं एकटं सोडतात व्हय? तवा मी तिच्यावरच वराडलो. आता तुमचं पत्र वाचून वाटतंय, तिचंच खरं हुतं. तुमी तिकडं एकटं सोसत बसला, आन् मला ठावं आसून मी हितं बसून ऱ्हायलो. चूक निम्मी माजी बी हाय.

मेलेल्या मानसाचं म्हणला, ते खरंच हुतं. त्यो गडी जोतिबा. तीन दिस त्येचा सूर यित हुता, चौथ्या दिशी आला न्हाई. हे मी कुनाला सांगितलं न्हवतं, हिला बी न्हाई. ती तबकडी ऐकताना पयल्यांदा कुनापुढं बोललो. तुमाला राग येऊन तुमी त्वाडलं, न्हाईतर समदं सांगनार हुतो.

पाचव्या बाजूचं लिवून धाडा म्हणला. न्हाई जमायचं. कागदावर त्यो सूर उतरत न्हाई, मी दोन दिस बघितलं. बारा मार्चला दुसरा ऐतवार हाय. सकाळच्या पॅसेंजरनं येतो. रायगोंडाला आन् हरिबाला बोलवा, न्हाई बोलावलं तरी चालंल. तबकडी लावा. मी शेजारी बसून जवा सूर हालंल तवा तुमाला सांगत जाईन, बावीस मिन्टं.

कंच्या कानानं जरा बरं ऐकू येतंय तेवढं कार्डावर कळवा. त्या अंगाला बसंन.

तुमचा,
लालासाहेब